शेजारच्या पेशीची गोष्ट

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांपूर्वी या परप्रांतातील शहरात मूठभर मराठी कुटुंबांनी एकत्र येऊन ही शाळा सुरू केली. त्या काळाच्या आठवणी सांगण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे आणि त्या त्यांनी आज भरभरून सांगितल्या. माझ्याकडून आपली अपेक्षा शाळेच्या प्रगतीचा आढावा घेण्याची असेल. तो छापील अहवालात आहे. मी मात्र आज आपल्याला पेशींविषयी काही सांगणार आहे. मी मराठी विषयाची विद्यार्थिनी. विज्ञान माझा प्रांत नव्हे. तरीही गेल्या वर्षी आपल्या शाळेत असे काही घडले की, मला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला. जे समजले ते आपल्याला सांगणे हे माझे कर्तव्य आहे, कारण त्या प्रसंगात माझ्या हातून एक चूक झाली होती.

आठवीच्या वर्गातील एका मुलीच्या आईला कर्करोगावर किरणोपचार सुरू होते. घरोघरी आपण त्याला ‘रेडिएशन’ म्हणतो, कोणी ‘लाइट देणे’ म्हणतात. त्याच सुमारास पालकांच्या मोबाइलवरून एक संदेश फिरू लागला. त्यात दोनच वाक्ये होती. ‘किरणोत्सर्गाचा मारा न झालेल्या शेजारच्या पेशींनाही इजा होते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. म्हणून रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांपासून आणि त्यांच्या घरच्यांपासून मुलांना दूर ठेवा.’ दोन पालक माझ्या कार्यालयात आले. ते सज्जन होते, काळजीने व्याकूळ होते. “बाई, काही दिवसांपुरती तरी त्या मुलीची जागा बदला,” असे त्यांनी विनवले. वाद नको, म्हणून मी ती बदलली. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर ती चार दिवस एकटी बसली. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यात कोणी हात घातला नाही.

चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आईचं रेडिएशन माझ्या अंगातून दुसऱ्यांना लागतं का? तसं असेल तर मी रात्री आईजवळ झोपत नाही.”

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नसताना मी निर्णय मात्र घेऊन टाकला होता.

तो संदेश धादांत खोटा असता तर पुढचे काम सोपे होते. आमच्या विज्ञानशिक्षकांना मी विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “पहिलं वाक्य खरं आहे, बाई. दुसरं खोटं आहे.” खऱ्याच्या शेजारी बसून खोट्यालाही खरेपणाचा रंग चढतो. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी शाळा सुटल्यावर बसून हा विषय वाचायला घेतला.

प्रथम जुनी समजूत सांगते. क्ष-किरण, गॅमा किरण किंवा अल्फा कण शरीरातून जातात, तेव्हा ते पेशीच्या केंद्रकातील डीएनएचा धागा तोडू शकतात. हा धागा दुपेडी असतो. एक पेड तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटले की सांधणे अवघड होते. सांधा चुकला तर पेशी मरते किंवा बदललेल्या गुणधर्मांसह जगत राहते. अशा बदललेल्या पेशींतूनच पुढे कधी कर्करोग संभवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डग्लस ली यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विचाराला गणिती रूप दिले. पेशीतील नाजूक भाग हे लक्ष्य आणि किरण हा बाण. बाण लागला तर इजा, चुकला तर पेशी सुखरूप. या लक्ष्य सिद्धान्ताने पुढील कित्येक दशके किरणांच्या अभ्यासाला आधार दिला. ज्याला लागले त्यालाच दुखते, हे आपल्या व्यवहारज्ञानालाही पटणारे होते.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९९२ साली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हात्सुमी नागासावा आणि जॉन लिट्ल या शास्त्रज्ञांनी चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी प्रयोगशाळेतील बशीत वाढवल्या आणि त्यांवर अल्फा कणांचा अगदी विरळ मारा केला. अल्फा कण जड असतात. ते कागदानेही अडतात आणि पेशींच्या थरात फार दूर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे किती पेशींना कण लागले असतील याचा हिशोब करता येतो. तो १०० पैकी एकाहूनही कमी निघाला. प्रत्यक्षात तपासल्यावर १०० पैकी सुमारे ३० पेशींच्या गुणसूत्रांत बदल दिसले. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती तयार होतात. त्या प्रतींमधील तुकड्यांची आपसांत अदलाबदल झालेली होती, आणि ती नेहमीपेक्षा अधिक होती.

शंभर मुलांच्या प्रार्थनासभेत एका मुलाला ठेच लागावी आणि तीस मुलांच्या गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा दिसाव्यात, तसा हा प्रकार होता. जे जागेवरून हललेही नव्हते, त्यांना इजा कशी झाली?

पाच वर्षांनी, १९९७ साली, डब्लिन येथे कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सीमोर यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मानवी पेशींवर गॅमा किरण सोडले. नंतर त्या पेशी ज्या पोषकद्रवात वाढत होत्या तो द्रव काढून घेतला, त्यात एकही पेशी उरू नये म्हणून गाळला आणि किरणांचा स्पर्शही न झालेल्या दुसऱ्या पेशींवर घातला. त्या पेशींपैकी जगून वाढणाऱ्यांचे प्रमाण घटले. मग त्यांनी पेशी नसलेल्या नुसत्या द्रवावर किरण सोडले आणि तो दुसऱ्या पेशींवर घातला. या वेळी काहीच झाले नाही. या दुसऱ्या भागाचे महत्त्व मोठे आहे. किरणांनी द्रव बिघडवला नव्हता, किंवा द्रवात किरण साठून राहिले नव्हते. जखमी पेशींनी त्या द्रवात काहीतरी सोडले होते. जणू तो त्यांचा निरोप होता.

पुढे शास्त्रज्ञांनी एकेका पेशीवर नेम धरून मोजून अल्फा कण सोडणारी यंत्रे तयार केली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली बशीतील केवळ २० टक्के पेशी निवडल्या आणि त्यांतील प्रत्येकीवर २० कण सोडले. इतका मारा झालेल्या पेशींपैकी फारच थोड्या जगतात. फक्त मार बसलेल्या पेशींतच बदल होतात असे धरले, तर जनुकीय बदल झालेल्या पेशी जितक्या मिळायला हव्या होत्या, त्याच्या सुमारे तिप्पट मिळाल्या. नेम कोणावर धरला होता हे येथे निश्चित ठाऊक असल्यामुळे शंकेला जागा उरली नाही. शेजाऱ्यांनाही बदल घडतात हे मान्य झाले.

हा निरोप जातो कसा? त्याच्या दोन वाटा आता बऱ्याच प्रमाणात माहीत झाल्या आहेत. एकमेकींना चिकटून असलेल्या पेशींच्या पटलांमध्ये कनेक्झिन नावाच्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म मार्ग असतात. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमधल्या झरोक्यातून साखर-विरजणाची देवाणघेवाण चालावी, तशी या मार्गांतून लहान रेणूंची ये-जा सुरू असते. हे मार्ग रसायनाने बंद केले की कित्येक प्रयोगांत शेजाऱ्यांवरचा परिणाम घटलेला आढळला. दुसरी वाट भोवतालच्या द्रवातून जाते. जखमी पेशी नायट्रिक ऑक्साइडसारखे रेणू, प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे आणि निरोप पोहोचवणारी काही प्रथिने बाहेर सोडते. शेजारच्या पेशीला ती मिळाली की तिच्या आतही खळबळ सुरू होते; कधी तिचा डीएनए तुटतो, कधी ती विभाजन थांबवते, कधी मरते.

इंग्रजीत याला ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणतात. आमच्या विज्ञानशिक्षकांना वर्गासाठी मराठी नाव हवे होते. ‘बघ्या’ हा शब्द मला पसंत पडला नाही. या पेशी काही गंमत पाहायला उभ्या नव्हत्या. आम्ही ‘शेजार-परिणाम’ हा शब्द वापरला. मुलांना तो लगेच उमगला.

आता त्या संदेशातील दुसऱ्या वाक्याकडे वळते. पहिल्यावरून ते निघते का? नाही. त्याची कारणे मी आपल्याला स्पष्टपणे सांगू इच्छिते.

पहिले कारण असे की, शेजारी जातो तो निरोप. किरण जात नाहीत. आणि हा निरोप एका शरीराच्या आत, पेशींमधल्या मार्गांतून व द्रवांतून जातो. तो बाकावर शेजारी बसलेल्या मुलीच्या अंगात शिरत नाही. यंत्राद्वारे बाहेरून जे किरणोपचार दिले जातात, त्यांत यंत्र बंद झाले की किरणही संपतात. रुग्णाच्या अंगात, कपड्यांत, डब्यातल्या पोळीभाजीत काहीही शिल्लक राहत नाही. अशी आई आपल्या मुलांना कुशीत घेऊ शकते. थायरॉइडच्या काही विकारांत मात्र किरणोत्सारी आयोडीन पोटात दिले जाते, किंवा काही उपचारांत किरणोत्सारी स्रोत शरीरात ठेवला जातो. अशा वेळी काही काळ अंतर राखायचे असते. पण ते डॉक्टर स्वतः रुग्णाला आणि घरच्यांना समजावून सांगतात. मोबाइलवरच्या निनावी संदेशाची त्यासाठी गरज नसते.

दुसरे कारण म्हणजे बशीतील पेशी आणि नांदते शरीर यांत अंतर आहे. शेजार-परिणाम शरीरातही घडू शकतो याचे पुरावे आहेत. २००८ साली इटलीतील संशोधकांनी उंदरांच्या नवजात पिल्लांची डोकी शिशाच्या आवरणाने झाकून उरलेल्या शरीरावर क्ष-किरण सोडले, तरी मेंदूत गाठी झाल्या. परंतु ही पिल्ले एका जनुकातील दोषामुळे अशा गाठींना मुळातच बळी पडणारी होती. त्यावरून निरोगी माणसाविषयी थेट अनुमान काढता येत नाही. माणसांविषयीचा एक मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज आहे. तेथे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून कितीतरी अधिक आहे आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत आली आहेत. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे ७०,००० प्रौढांची दहा वर्षांहून अधिक काळ पाहणी केली. त्या वाढीव किरणोत्सर्गामुळे तेथे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आढळले नाही.

याचा अर्थ किरण निरुपद्रवी आहेत असा नव्हे. क्ष-किरण तपासणी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज करू नये, लहान मुलांची तर नाहीच. पण गरज असताना भीतीपोटी ती टाळणे, आणि सुरू असलेले उपचार अर्ध्यावर सोडणे, यात धोका फार मोठा आहे. किरणोपचार देताना निरोगी पेशींनाही काही त्रास होतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. म्हणूनच ते मात्रा विभागून देतात, दिशा बदलून देतात, नेम अचूक करतात. त्या आईने शेजाऱ्यांच्या बोलण्याला कंटाळून एके दिवशी उपचार थांबवण्याचा विचार बोलून दाखवला होता, हे मला नंतर कळले. एका संदेशाची किंमत कुठवर गेली असती, याची कल्पना करून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पाचव्या दिवशी सकाळी मी स्वतः आठवीच्या वर्गात गेले. “मी जागा बदलली ती चूक होती,” असे सर्वांसमोर सांगितले आणि त्या मुलीला तिच्या जुन्या बाकावर बसवले. तिच्या प्रश्नाचे निश्चित उत्तर तेव्हा माझ्या हाती होते. शेजार-परिणाम समजून घेण्यासाठी मात्र आम्हाला आणखी काही आठवडे लागले. मग विज्ञानशिक्षकांनी वर्गाला प्रयोगशाळेत नेले, पडदे ओढले, एका पांढऱ्या कागदावर विजेरीचा झोत टाकला आणि ती बंद केली. “कागदात उजेड उरला का?” त्यांनी विचारले. मुले हसली. मग त्यांनी वर मी सांगितले ते सगळे, आयोडीनच्या अपवादासह, मुलांना समजावले. काही झाकले नाही. मुलांना अर्धे सांगितले की उरलेले अर्धे ती भीतीने भरून काढतात.

वाचता वाचता दोन गोष्टी मला भेटल्या. त्या सांगून मी थांबणार आहे.

मानसशास्त्रातही ‘बायस्टँडर इफेक्ट’ आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली त्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतंत्र खोल्यांत बसून ध्वनियंत्रावरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना, बोलणाऱ्यांपैकी एकाला एकाएकी झटका आल्याचे ऐकवले गेले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी तो बोलत असतानाच मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ३१ टक्केच उठले. कोणीतरी करील, या भरवशावर बाकीचे बसून राहिले. येथे ‘बघ्या’ हा शब्द चपखल बसतो. तो वाचताना मला ते चार दिवस आठवले. वर्गशिक्षिकेला वाटले, मुख्याध्यापिका पाहतील. मला वाटले, पालक शांत होतील. मुलांना वाटले, मोठी माणसे सांगतात ते बरोबरच असेल. शाळा भरलेली होती आणि एक मुलगी एकटी होती.

दुसरी गोष्ट पेशींचीच आहे. चीनमधील संशोधकांनी २०११ साली असे दाखवले की, किरणांचा मार बसलेल्या पेशी धडधाकट पेशींच्या सोबतीने वाढवल्या, तर जखमी पेशींमधील इजा कमी होते. त्यांनी याला नाव दिले ‘बचाव परिणाम’. शेजाऱ्याकडे निरोप जातो तसा शेजाऱ्याकडून उलट निरोप येतो आणि तो जखमीला सावरायला मदत करतो. सर्व प्रकारच्या पेशींत आणि प्रत्येक वेळी असेच घडते असे नाही. शास्त्रज्ञ त्याचा शोध अजून घेत आहेत. पण शेजाराची वाट दोन्ही दिशांनी चालू शकते, एवढे त्यातून दिसले.

पेशींवरून माणसांना उपदेश करण्याचा मोह मला होतो. मराठीच्या शिक्षिकेला तो व्हायचाच. पण पेशींना निवड नसते. निरोप आला की त्या बदलतात. आपल्याला निरोप वाचता येतो, तपासता येतो, पुढे पाठवायचा की नाही हे ठरवता येते. एवढे जर साठ वर्षांत या शाळेने आपल्या मुलांना शिकवले असेल, तर आजचा महोत्सव सार्थ झाला असे मी म्हणेन.

त्या मातेचे उपचार पूर्ण झाले आहेत. तपासण्या सुरू आहेत. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या शाळेत आल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. माझ्या कार्यालयात आलेल्या त्या दोन पालकांपैकी एक भगिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या; काय ते मला ऐकू आले नाही. त्या मुलीच्या परवानगीवाचून मी आज हे काहीच सांगितले नसते. “नाव सांगू नका, पण सांगा,” असे ती म्हणाली. ती आता नववीत आहे आणि तिसऱ्या बाकावर दोन मैत्रिणींच्या मधोमध बसते.